पॅथॉलॉजीत एमडी करायचंय? इंटर्नशिपपासून स्वतःची सही करेपर्यंतचं सगळं

काउन्सेलिंग जवळ आलं की मिरज-सांगली, सातारा-कराडकडच्या इंटर्न पोरापोरींचे फोन सुरू होतात. मॅडम पॅथो घेऊ का, नाइट असतात का, पेशंट बघायचे नसतात ना, नंतर लॅब टाकता येते ना. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवते म्हणजे कुणालाही पाठवता येईल. मी याच भागात रिपोर्टिंग करते त्यामुळे उदाहरणं इकडचीच येणार, बाकी नियम बहुतेक सगळीकडे तेच.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करून घ्या. पॅथॉलॉजी म्हणजे मायक्रोस्कोपला डोळे लावून बसणं असं सगळ्यांना वाटतं, पण स्लाइड हा सगळ्यात शेवटचा टप्पा आहे. पेशंटच्या अंगातून तुकडा निघतो तिथपासून तो तुमच्या मायक्रोस्कोपच्या स्टेजवर येईपर्यंत मध्ये दहा हात लागलेले असतात आणि रिपोर्ट बिघडतो तो बहुतेक वेळा त्या मधल्या वाटेवर. जो रेसिडेंट ही वाट शिकतो तो चांगला पॅथॉलॉजिस्ट होतो, जो फक्त स्लाइडचे फोटो पाठ करतो तो परीक्षा पास होतो पण पहिल्याच अवघड केसला अडकतो. खाली जे काही सांगितलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

इंटर्नशिपमध्ये: आधी बघून या

सेकंड इयरला पॅथो आवडलं होतं एवढ्यावर ब्रँच घेऊ नका, आणि नावडलं होतं म्हणून सोडूही नका, कारण तेव्हा जे शिकवतात आणि रेसिडेंट जे काम करतो यात खूप फरक आहे. इंटर्नशिपमध्ये इलेक्टिव्ह मिळत असेल तर घ्या, नाहीतर पोस्टिंग संपल्यावर दुपारी आपल्याच कॉलेजच्या डिपार्टमेंटला जाऊन एचओडी सरांना किंवा मॅडमना विचारा, दोन-तीन आठवडे येऊन बसू का. सहसा कुणी नाही म्हणत नाही. तिथं गेल्यावर स्लाइड बघायला पळू नका, ग्रॉसिंगच्या, म्हणजे ऑपरेशनमधून आलेले अवयव-तुकडे तपासून कापायच्या टेबलाजवळ उभे राहा, टिश्यू टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनचा वास दोन तास सहन होतो का बघा, एफएनएसीच्या, म्हणजे बारीक सुईनं गाठीतल्या पेशी काढून तपासायच्या ओपीडीत बसा, ब्लड बँकेत एक संध्याकाळ काढा. ज्यांना दमा आहे किंवा फॉर्मॅलिनने डोळ्यांतून सारखं पाणी येतं त्यांनी हे आधीच बघून घेतलेलं बरं. मास्क, गॉगल, एक्झॉस्ट यांनी पुष्कळ फरक पडतो पण वास शून्य होत नाही.

मग स्वतःला दोन प्रश्न विचारा. पेशंटनं हात धरून थँक्यू डॉक्टर म्हटलं नाही तर चालेल का? कारण तुमच्या रिपोर्टवर कुणाचा तरी जबडा काढायचा की ठेवायचा हे ठरणार आणि त्या माणसाला तुमचं नावही माहीत नसणार. दुसरा प्रश्न, उत्तर सापडत नसताना दोन-तीन दिवस त्याच केसला चिकटून राहता येतं का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर ही ब्रँच तुम्हाला आयुष्यभर पुरेल.

आणि ही आरामाची ब्रँच आहे म्हणून घेत असाल तर थांबा. सेंट्रल लॅब आणि ब्लड बँकेच्या नाइट असतात, पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की सीबीसीचा ढीग लागतो, आणि सर्जरीच्या रेसिडेंटचं काम ओटी संपल्यावर संपतं तेव्हा त्याच ओटीतला डबा दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या टेबलावर येतो. मेडिसिन-सर्जरीपेक्षा झोप जास्त मिळते हे खरं, पण वाचन जास्त लागतं.

नीट पीजी आणि काउन्सेलिंग

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही, त्याचे क्लासवाले पुष्कळ आहेत. 200 प्रश्न, साडेतीन तास, बरोबरला 4 मार्क आणि चुकीला 1 वजा. 2024 पासून पेपर वेळेच्या सेक्शनमध्ये वाटलेला आहे, 40 प्रश्न आणि 42 मिनिटं असे पाच सेक्शन, एक सेक्शन संपला की मागं जाता येत नाही, त्यामुळे सराव तसाच वेळ लावून करा. त्या वर्षीचं बुलेटिन मात्र स्वतः वाचा, पॅटर्न बदलत असतो.

काउन्सेलिंगमध्ये इकडची पोरं एका ठिकाणी हमखास गोंधळतात. मिरजेचं गव्हर्न्मेंट मेडिकल कॉलेज 1962 चं, तिथल्या पीजीच्या निम्म्या जागा ऑल इंडिया कोट्यातून एमसीसी (केंद्राची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी) भरते आणि निम्म्या स्टेट कोट्यातून राज्याचं सीईटी सेल भरतं. पण कराडचं कृष्णा आणि सांगलीचं भारती विद्यापीठ ही डीम्ड, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा असलेली, आहेत, त्यांच्या सगळ्या जागा एमसीसीकडून भरतात. घरापासून अर्ध्या तासावर कॉलेज आहे म्हणून ते स्टेटच्या यादीत शोधत बसू नका, तिथं सापडणार नाही. दोन्हीकडे वेगवेगळं रजिस्ट्रेशन, वेगवेगळ्या तारखा, वेगवेगळं डिपॉझिट. एका वहीत तारखा लिहून ठेवा आणि घरच्यांपैकी एकाला त्याची कल्पना द्या, कारण इंटर्नशिपच्या किंवा बॉण्डच्या ड्युटीत तारीख हमखास निसटते. डीम्डची फी भरण्याआधी तीन वर्षांचा पूर्ण खर्च, हॉस्टेल आणि मेस धरून, कागदावर मांडा आणि स्टायपेंड खरंच किती हातात पडतो ते तिथल्या सध्याच्या रेसिडेंटला विचारा.

सरकारी कॉलेजमधून पीजी केलं की त्यानंतर एक वर्षाचा सरकारी सेवेचा बॉण्ड आहे, आणि जॉइन होऊन सीट सोडली तर दंड आहे. हे नियम माहितीपुस्तिकेत लिहिलेले असतात, सही करण्याआधी वाचा, वडिलांनाही वाचायला द्या.

कॉलेज निवडताना कट-ऑफच्या पलीकडचं बघा. मी असेन तर तिथल्या जेआर टूला, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला, फोन करून हे विचारेन: वर्षाला हिस्टोपॅथचे (टिश्यू तपासणीचे) स्पेसिमेन साधारण किती येतात, ऑन्कोसर्जरी आहे का, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (आयएचसी, अँटिबॉडी लावून पेशींतली ठराविक प्रथिनं शोधणं) इनहाउस होते की बाहेर पाठवतात, फ्रोझन सेक्शन (ऑपरेशन चालू असतानाच टिश्यू गोठवून तपासणं) होतं का, बोन मॅरो कोण करतं, ब्लड बँकेत रक्ताचे कंपोनंट (लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट) वेगळे होतात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साइन आउटला, रिपोर्ट पक्का करून सही करताना, सर किंवा मॅडम रेसिडेंटला शेजारी घेऊन बसतात का. मल्टिहेडेड मायक्रोस्कोप असून त्यावर धूळ असेल तर त्याचा उपयोग नाही, आणि दोन डोक्यांचा साधा मायक्रोस्कोप असून रोज तास-दीड तास शिकवणारी मॅडम असेल तर डोळे झाकून ती सीट घ्या. या बाबतीत मिरजेचं एक चांगलं आहे. 1894 मध्ये वानलेस साहेबांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून हे गाव उपचाराचं गाव आहे आणि अथणी, चिक्कोडी, जमखंडीपर्यंतचे पेशंट इकडे येतात, त्यामुळे केसची कमतरता पडत नाही. थोडं कानडी कानावर पडू द्या, एफएनएसीला आलेल्या आजीला गंटु (गाठ) कुठाय, नोवु (दुखणं) आहे का एवढं विचारता आलं तरी ती मोकळी बोलते.

पहिले तीन महिने: टेक्निशियनच्या मागे

जॉइन झाल्यावर पहिल्या आठवड्यात नवीन रेसिडेंट जाडजूड पुस्तक काढून ट्यूमर वाचायला बसतो. वाचा, पण दिवसा नको. दिवसा हिस्टो लॅबमध्ये जे जुने टेक्निशियन असतात, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांच्या मागे उभे राहा. त्यांचे हात वीस-पंचवीस वर्षं तेच काम करतायत, एचओडीसुद्धा ब्लॉक (मेणात बसवलेला टिश्यू) नीट कापला जात नसेल तर त्यांनाच हाक मारतात.

त्यांच्याकडून शिकायचं ते असं. टिश्यू 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, टिश्यूच्या निदान दहापट. मग चढत्या ताकदीचं अल्कोहोल, मग झायलिन, मग साधारण 60 डिग्रीचं वितळलेलं पॅराफिन, मग ब्लॉक, मग मायक्रोटोमवर (पातळ काप काढायचं मशीन) 3 ते 5 मायक्रॉनचं सेक्शन, वॉटर बाथवर तरंगवून स्लाइडवर उचलायचं, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा रंग, डीपीएक्स (चिकटवायचा द्रव), कव्हरस्लिप. हे परीक्षेत लिहायला सोपं आहे. पण स्वतः दहा-वीस ब्लॉक कापा, मग कळतं की अल्कोहोल वेळेवर बदललं नसेल तर टिश्यू आतून ओला राहतो आणि रिबन तुटते, ब्लेडला खाच पडली असेल तर स्लाइडवर उभ्या रेघा येतात, वॉटर बाथ पुसला नसेल तर आधीच्या केसचा एखादा कण तरंगत येऊन दुसऱ्याच पेशंटच्या स्लाइडवर बसतो. हा शेवटचा प्रकार फार घातक आहे. साध्या अपेंडिक्सच्या स्लाइडच्या कोपऱ्यात कार्सिनोमाचा छोटा तुकडा दिसला तर घाबरून रिपोर्ट लिहू नका, त्या दिवशी आधी कुठली केस कापली गेली ते रजिस्टरमध्ये बघा, ब्लॉक परत कापून घ्या. ज्यानं मायक्रोटोम हातात धरलाय त्याला ही शंका लगेच येते, बाकीच्यांना येत नाही.

याच काळात स्वतःचं सामान घ्या. रबरी बूट, स्वतःचा गॉगल, चांगला अ‍ॅप्रन, छोटी स्टीलची पट्टी, पर्मनंट मार्कर. मायक्रोस्कोपची खुर्ची स्वतःच्या उंचीला लावून घ्या, मान वाकवून बसायची सवय लागली तर तिसऱ्या वर्षापर्यंत मानेचं दुखणं मागं लागतं. फॉर्मॅलिनला हलक्यात घेऊ नका, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2004 मध्ये फॉर्मॅल्डिहाइडला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. ग्लोव्हज न घालता डब्यात हात घालणारे सीनियर तुम्हाला भेटतील, त्यांचं बाकी सगळं ऐका, हे ऐकू नका.

रिक्वेस्ट फॉर्म वाचायची सवय

स्पेसिमेनचा डबा उघडण्याआधी फॉर्म. नाव, वय, आयपीडी नंबर, अवयव, बाजू, सगळं डब्याच्या लेबलशी जुळतं का ते बघा. डावं की उजवं हे फॉर्मवर एक आणि डब्यावर एक असेल तर तो डबा बाजूला ठेवा आणि वॉर्डला फोन लावा, स्वतःच्या मनानं काही ठरवू नका.

क्लिनिकल हिस्ट्रीच्या रकान्यात बऱ्याचदा फक्त टु रूल आउट मॅलिग्नन्सी एवढंच लिहिलेलं असतं. त्यावर चिडून काही होत नाही, फोन उचला. हाडाच्या बायोप्सीला एक्स-रे बघितल्याशिवाय रिपोर्ट करायचा नाही हा नियमच समजा, फ्रॅक्चर भरताना तयार होणारं नवं हाड आणि हाडाचा कॅन्सर मायक्रोस्कोपखाली दगा देण्याइतके सारखे दिसू शकतात. एंडोमेट्रियमला शेवटच्या पाळीची तारीख आणि हॉर्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, लिंफ नोडला ताप-वजन-टीबीची औषधं, स्किनला त्वचेचा फोटो. जमलं तर स्वतः वॉर्डात जाऊन पेशंट बघून या. सर्जरीचा रेसिडेंट तुम्हाला एकदा वॉर्डात बघतो ना, त्यानंतर त्याच्या फॉर्मवर हिस्ट्री आपोआप नीट यायला लागते.

ग्रॉसिंग: इथं घाई नको

या भागाला मी सगळ्यात जास्त वेळ देतेय कारण इथं जे कापलं गेलं ते परत जोडता येत नाही. चुकीची स्लाइड परत बनवता येते, चुकीचा कापलेला मार्जिन, म्हणजे सर्जननं कापलेली कड, परत येत नाही.

आपल्याकडचं रोजचं उदाहरण घेऊ. मिश्री, तंबाखू, गुटखा यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट इकडे भरपूर. डब्यात येतं काय तर गालाचा आतला भाग, जबड्याच्या हाडाचा तुकडा, कधी वरची कातडी, आणि मानेतल्या गाठींचा वेगळा पिशवीभर चरबीचा गोळा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वर कुठलं आणि खाली कुठलं हेच कळत नाही. सर्जननं दोरे बांधलेत का बघा, छोटा दोरा वर, लांब दोरा पुढे असं फॉर्मवर लिहिलेलं असतं. लिहिलं नसेल तर ऑपरेशन करणाऱ्याला बोलवा आणि त्याच्याकडून टेबलावरच दाखवून घ्या. मग फोटो, पट्टी शेजारी ठेवून. मग मापं. मग स्पेसिमेन पुसून कोरडा करून मार्जिनला इंक, इंक वाळू द्यायची, ओल्या टिश्यूवर इंक पळते आणि मग सगळीच कड काळी दिसते.

त्यानंतर पातळ काप. ट्यूमर कापावर पांढरट-करडा, टणक दिसतो, बोटाला खरखरीत लागतो. ट्यूमरपासून प्रत्येक कडेचं अंतर पट्टीनं मोजून लिहा, बोटाचा अंदाज नको. आता कॅन्सर स्टेजिंगच्या आठव्या आवृत्तीप्रमाणे तोंडाच्या कॅन्सरमध्ये नुसती लांबी-रुंदी पुरत नाही, ट्यूमर किती खोल गेलाय तेही लागतं, 5 मिलिमीटर आणि 10 मिलिमीटर या दोन रेषांवर टी स्टेज (ट्यूमरची पायरी) बदलतो. म्हणजे सगळ्यात खोल भाग तुम्ही कॅसेटमध्ये (टिश्यूचा तुकडा ठेवायची छोटी डबी) घेतलाच नाही तर पेशंटचा स्टेज कमी लागतो आणि पुढचे उपचार त्यावर ठरतात. मानेच्या चरबीत एक एक गाठ बोटांनी चाचपून शोधायची, लेव्हलप्रमाणे वेगळी ठेवायची. कंटाळवाणं काम आहे, पाठ दुखते, पण पॉझिटिव्ह निघालेली ती एक गाठ कदाचित तुम्ही सगळ्यात शेवटी शोधलेली असते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला निदान 12 लिंफ नोड शोधायचे, ते लक्षात ठेवा.

कॅसेटमधला तुकडा 3-4 मिलिमीटरपेक्षा जाड नको. कॅसेटचं झाकण दाबून बसवावं लागत असेल तर तो तुकडा जाडच आहे. प्रत्येक केसनंतर सुरी, फोर्सेप, बोर्ड धुवायचं.

ब्रेस्टचं वेगळं सांगते. मॅस्टेक्टॉमी, म्हणजे काढलेलं स्तन, ओटीतून आख्खी डब्यात टाकून पाठवली आणि रविवार मध्ये आला तर बाहेरून पक्की आणि आतून कुजलेली येते, कारण फॉर्मॅलिन आत जायला वेळ लागतो, तासाला साधारण एक मिलिमीटर. मग ईआर, पीआर, हर-टू या उपचार ठरवणाऱ्या टेस्टचे रिझल्ट भरवशाचे राहत नाहीत. नियम असा आहे की स्पेसिमेन बाहेर निघाल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि 6 ते 72 तास त्यात राहायला हवा. म्हणून ओटीतून आलेली मॅस्टेक्टॉमी तुमच्या ड्युटीत आली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, सीनियरला विचारून मार्जिनला इंक लावा, मागच्या बाजूनं सेंटिमीटर-सेंटिमीटरवर काप द्या, मध्ये गॉज घाला आणि ताज्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. आणि ओटीतल्या सिस्टरशी ओळख ठेवा, डब्यावर वेळ लिहायला सांगा, बहुतेक जणी लिहितात.

ग्रॉसचं वर्णन असं लिहा की वाचणाऱ्याला स्पेसिमेन न बघता डोळ्यासमोर उभा राहिला पाहिजे. कुठल्या कॅसेटमध्ये काय घेतलं त्याची यादी नक्की, नाहीतर आठवड्यानं परत बिट्स (तुकडे) घ्यायची वेळ आली तर डब्यात हात घालून चाचपडत बसाल. अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांच्या कॉलेजचे कॅन्सर रिपोर्टिंगचे प्रोटोकॉल त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत, त्यातला अवयवानुसार तक्ता प्रिंट काढून ग्रॉसिंग रूमच्या भिंतीला चिकटवा, काय मोजायचं राहिलं ते समोर दिसतं.

साइन आउट

स्लाइड आली की सरांकडे जाण्याआधी स्वतः बघा आणि स्वतःचं डायग्नोसिस पेन्सिलनं कागदावर लिहा. बरोबर की चूक याला महत्त्व नाही, लिहिण्याला आहे. नुसतं शेजारी बसून मान हलवली तर तीन वर्षांनी एकटं बसल्यावर हात थरथरतो. लो पॉवरवर जास्त वेळ काढा, नवीन पोरं लगेच फोर्टी एक्सवर जातात आणि पेशीच्या न्यूक्लियसमध्ये हरवतात. अवघड केसेसची वही ठेवा, केस नंबर, तुमचं मत, मॅडमचं मत, आयएचसी आली ती, आणि शेवटी पेशंटचं काय झालं. हा शेवटचा रकाना कुणी भरत नाही पण सगळ्यात जास्त तोच शिकवतो.

एफएनएसी आणि हिमॅटोलॉजी

एफएनएसीला पेशंट थेट तुमच्यासमोर बसतो, तेव्हा पेशंट बघायचे नसतात हे विसरा. समजावून सांगा, सुई बारीक आहे, 23-24 गेजची. मानेतल्या गाठीत पू आला की झेडएन स्टेनसाठी (टीबीचे जंतू दाखवणारा रंग) एक स्लाइड आधीच बाजूला ठेवा, टीबी आपल्याकडे आजही पहिल्या नंबरची शंका आहे. पॅप स्टेनची स्लाइड स्मिअर काढल्या काढल्या अल्कोहोलमध्ये, गप्पा मारत हातात धरली तर वाळते आणि पेशी फुगलेल्या-पुसट दिसतात. गिम्साची मात्र हवेत वाळवायची.

हिमॅटोलॉजीत मशीनवर विसंबू नका, एवढं एक वाक्य पाळलं तरी पुष्कळ आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रात्री अकराला तापाच्या पेशंटचे प्लेटलेट 18 हजार आले आणि अंगावर कुठेही लाल ठिपके नाहीत, नातेवाईक मात्र प्लेटलेटची पिशवी शोधत फिरतायत. रिपोर्ट सोडण्याआधी स्मिअर काढा, लिशमन स्टेन करा, स्लाइडच्या शेपटीच्या टोकाला बघा. तिथं प्लेटलेटचे गुच्छ दिसले तर हा ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारं रसायन) झालेला चिकटपणा असू शकतो, निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये परत सँपल मागवा आणि येणाऱ्या आकड्याला 1.1 नं गुणा, कारण त्या ट्यूबमध्ये सायट्रेटनं रक्त पातळ झालेलं असतं. ऑइल इमर्शनमध्ये एका फील्डला सरासरी एक प्लेटलेट म्हणजे साधारण 15 हजार, हा अंदाज लावायला शिका. पाच मिनिटांत एक माणूस नको असलेल्या ट्रान्सफ्युजनमधून वाचतो.

आणि स्मिअरमध्ये ब्लास्ट (अपरिपक्व पेशी) दिसले, त्यातही गच्च ग्रॅन्युलवाले प्रोमायलोसाइट आणि ऑवर रॉडच्या (पेशीतल्या सुईसारख्या काड्या) जुड्या दिसल्या, तर ही एपीएल या रक्ताच्या कॅन्सरची शंका, सकाळची वाट बघायची नाही. हा पेशंट काही तासांत रक्तस्रावानं जाऊ शकतो आणि वेळेवर औषध मिळालं तर यातले बहुतेक बरे होतात. रात्री दोन वाजले असले तरी आधी सीनियरला उठवा, मग वॉर्डच्या डॉक्टरला स्वतः फोन करा, कुणाला कळवलं त्याचं नाव आणि वेळ रजिस्टरला लिहा.

उसाच्या फडातून साप चावून येणारे पेशंट वर्षभर असतात, त्यांची 20 मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट वॉर्डातच करतात पण कोरडी स्वच्छ काचेची ट्यूब लागते, प्लॅस्टिकची नाही. कॅज्युअल्टीच्या इंटर्नना हे तुम्ही एकदा जाऊन सांगा.

ब्लड बँक

इथं हुशारीपेक्षा शिस्त लागते. आपल्याकडे एका वॉर्डात चार पाटील आणि दोन जाधव असतातच, त्यात पहिलं नावही जुळतं कधीकधी. नाव आणि आयपीडी नंबर दोन्ही फॉर्मवर आणि ट्यूबवर सारखे नसतील तर सँपल परत करा. वॉर्डातून फोन येतो, मॅडम पेशंट सिरियस आहे, लेबल मी इथून सांगतो तुम्ही लिहा. लिहायचं नाही. अगदीच जीवावर बेतलं असेल तर इमर्जन्सीचा ओ ग्रुपचा जो प्रोटोकॉल आहे तो वापरा, पण बिनलेबलच्या ट्यूबवर ग्रुप करून रक्त देऊ नका. डोनेशन कॅम्पला गेलात तर हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली असलेल्या माणसाला कार्यकर्त्यांनी कितीही आग्रह केला तरी नम्रपणे नाही म्हणा, त्याला लोहाच्या गोळ्यांचं सांगा.

थिसिस, डीआरपी आणि परीक्षा

थिसिसचा विषय असा घ्या की केसेस तुमच्याच हॉस्पिटलला येतात आणि जास्तीचा खर्च नाही. पन्नास महागड्या मार्करची आयएचसी लिहून ठेवायची आणि मग पैसे कुठून आणायचे म्हणून वर्ष घालवायचं, हे दरवर्षी कुणीतरी करतंच. ओरल कॅन्सर, थायरॉइड एफएनएसी, अ‍ॅनिमियाचं वर्गीकरण हे विषय जुने वाटतात पण डेटा खात्रीचा मिळतो. एथिक्स कमिटीची मंजुरी येण्याआधी केस गोळा करायला सुरुवात करू नका. पहिल्या दिवसापासून एक्सेलमध्ये भरत जा. संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्स पहिल्याच वर्षात उरकून टाका. मापकॉनला, म्हणजे पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेच्या महाराष्ट्र चॅप्टरच्या कॉन्फरन्सला, निदान एकदा पोस्टर घेऊन जा, दुसऱ्या कॉलेजचे रेसिडेंट काय बघतायत ते कळतं.

डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे (डीआरपी, जिल्हा रुग्णालयातलं पोस्टिंग) तीन महिने पुष्कळ जण सुट्टीसारखे घालवतात. मला विचाराल तर तिथं कमी साधनांत काम कसं चालतं ते शिकायला मिळतं, पुढे तालुक्याला लॅब टाकायची असेल तर हेच उपयोगी पडेल.

परीक्षेला शंभर-शंभर मार्कांचे चार पेपर आणि मग प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकलला स्लाइड, ग्रॉस, हिमॅटोलॉजीच्या केसेस, ब्लड बँकेचे प्रयोग, ऑटॉप्सी, स्वतः ब्लॉक कापून स्टेन करणं. ज्यांनी पहिल्या तीन महिन्यांत मामांबरोबर मायक्रोटोम चालवलाय त्यांना शेवटच्या दिवसाची भीती नसते.

एमडी झाल्यावर

पुढे शिकायचं असेल तर डीएम हिमॅटोपॅथॉलॉजी, डीएम ऑन्कोपॅथॉलॉजी आहे, फेलोशिप आहेत. वर्षभर तरी एखाद्या मोठ्या कॅन्सर सेंटरला सीनियर रेसिडेन्सी करा असं मी प्रत्येकाला सांगते, मग परत गावाकडे या. कराड, वाई, विटा, तासगावसारख्या ठिकाणी बायोप्सी वाचणाऱ्या माणसाची गरज आहे, आणि सर्जनला रिपोर्टवर फोनवर बोलता येणारा पॅथॉलॉजिस्ट जवळ असला की पेशंटचे पुण्याचे हेलपाटे वाचतात.

लॅब टाकली नाही तरी पहिल्याच महिन्यात कुणीतरी तुमच्याकडे येणार, मॅडम तुम्ही यायची गरज नाही, फक्त डिजिटल सही द्या, महिन्याला इतके देतो. अजिबात देऊ नका. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2017 मध्ये सांगितलंय की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. ती सही म्हणजे मी हा रिपोर्ट बघितलाय असा शब्द आहे. जी ट्यूब तुम्ही बघितली नाही, जे मशीन कॅलिब्रेट झालंय की नाही माहीत नाही, त्यावर कुणाचं तरी ऑपरेशन ठरणार आणि जबाबदार तुम्ही असणार. जिथं रोज जाता येतं, जिथला क्वालिटी कंट्रोल स्वतः बघता, तिथंच सही करा.

निकाल लागला की आधी महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलकडे एमडीची अ‍ॅडिशनल क्वालिफिकेशन म्हणून नोंदणी करून घ्या, नोंदणीचं सर्टिफिकेट हातात आल्यावरच लेटरहेड आणि रिपोर्टचा शिक्का छापायला टाका, आणि नोंदणी नंबर शिक्क्यात बरोबर आलाय ना ते छापण्याआधी एकदा जुळवून बघा.